काळोखातील वेळापत्रक : नॉर्वेच्या किनाऱ्याने नाताळची सागरयात्रा

देशांना नावे पडतात ती एखाद्या जमातीवरून, नदीवरून, नाहीतर राजवंशावरून. वाटेवरून नाव पडलेला देश विरळाच. नॉर्वे हा असा एक देश आहे. ‘उत्तरेकडे जाणारी वाट’ असा त्या नावाचा मूळ अर्थ सांगितला जातो. ही वाट पाण्यावरची आहे. एका बाजूला उघडा अटलांटिक, दुसऱ्या बाजूला सरळ उभे डोंगर आणि मध्ये हजारो लहानमोठ्या बेटांच्या आडोशाने गेलेली सागरी पाऊलवाट, असे या देशाच्या किनाऱ्याचे रूप आहे. दक्षिणोत्तर सरळ मोजला तर किनारा सुमारे २,५०० किलोमीटरचा. परंतु आत घुसलेले फिओर्ड, म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या खोल खाड्या, आणि सर्व बेटांचे काठ यांची लांबी धरली, तर हाच आकडा एक लाख किलोमीटरच्या वर जातो.

या वाटेने आजही रोज रात्री बर्गन बंदरातून एक जहाज उत्तरेकडे निघते. ३४ बंदरे घेत ते आर्क्टिक वृत्त ओलांडते, युरोपच्या उत्तर टोकाला वळसा घालते आणि रशियाच्या सीमेजवळील किर्कनेसला पोहोचून माघारी फिरते. या जाण्यायेण्याला १२ दिवस लागतात. अलीकडच्या काही दशकांत या जहाजावर परदेशी प्रवाशांची गर्दी असते आणि नवलाची गोष्ट अशी की, डिसेंबरातही ती असते. नाताळच्या सुट्टीत माणसे सूर्य शोधीत दक्षिणेकडे जातात, हे समजण्यासारखे आहे. जेथे सूर्य उगवतच नाही अशा प्रदेशाकडे पैसे मोजून लोक का जात असतील? ध्रुवीय प्रकाश पाहण्याची ओढ, हे त्याचे एक उत्तर झाले. पण त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. मुळात हे जहाज अशा काळोखात जाते कशासाठी? प्रस्तुत लेखात मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मराठी वाचकाला आर्क्टिक अगदीच परके नाही. लोकमान्य टिळकांचा ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. वेदांतील उषासूक्तांत जी दीर्घ पहाट वर्णिली आहे, ती आपल्या अक्षांशांवर कधी दिसणे शक्य नाही. ती उत्तर ध्रुवाजवळच दिसते, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावरून त्यांनी आर्यांच्या मूलस्थानाविषयी काढलेला निष्कर्ष पुढील संशोधकांनी मान्य केलेला नाही. पण ध्रुव आणि ध्रुवालगतचा प्रदेश यांतील दिवसरात्रींचा जो भेद त्यांनी समजावून सांगितला, तो खगोलशास्त्राचाच आहे आणि प्रस्तुत प्रवास समजून घेताना तो उपयोगी पडतो. प्रत्यक्ष ध्रुवावर सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र. नॉर्वेचा उत्तर भाग ध्रुवापासून बराच अलीकडे असल्याने तेथील रात्र काही आठवड्यांची असते आणि तिच्या मध्यभागी रोज थोडी पहाट होते.

न गोठणारे पाणी

प्रथम एक भौगोलिक कोडे सोडविले पाहिजे. ट्रॉम्सो हे शहर ६९ अंश ३९ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. याहूनही दक्षिणेकडे असलेले सैबेरियातील वर्खोयान्स्क हे गाव घ्या. तेथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे ४० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. ट्रॉम्सोत मात्र ते शून्याच्या खाली चारपाच अंशांपलीकडे सहसा उतरत नाही. नॉर्वेच्या किनाऱ्याचा समुद्र तर हिवाळ्यातही मोकळा राहतो. 

याचे श्रेय उष्ण प्रवाहाला आणि वाऱ्यांना आहे. मेक्सिकोच्या आखाताकडून निघणारा गल्फ प्रवाह अटलांटिक ओलांडून ईशान्येस येतो. त्याची एक शाखा नॉर्वेच्या किनाऱ्याला लगटून थेट बॅरेंट्स समुद्रापर्यंत जाते. तिच्यावरून वाहणारे नैर्ऋत्य वारे ऊब आणि ओलावा घेऊन किनाऱ्यावर आदळतात. त्यामुळे उत्तरेकडील बंदरेही बारमाही राहू शकली.

निसर्गाने वाट उघडी ठेवली, पण तिच्यावर दिवे लावून दिले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ट्रॉनहाइमच्या उत्तरेला अवघी २८ दीपगृहे होती आणि भरवशाचे सागरी नकाशेही फार थोडे होते. पाण्याखालचे खडक, अरुंद वळणे, भरतीओहोटीचे जोरदार ओघ आणि ऐन दुपारीही काळोख, अशी हिवाळ्यातील स्थिती. उन्हाळ्यात मध्यरात्रीही सूर्य तळपत असल्याने आगबोटी सुखाने चालत. हिवाळ्यात रात्री नांगर टाकून बसण्यावाचून इलाज नसे. ट्रॉनहाइमहून हामरफेस्टला पाठविलेले पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी, तर हिवाळ्यात पाच महिन्यांपर्यंत उशिरा पोहोचे, असे त्या काळाविषयी सांगितले जाते. आईचे आजारपण कळविणारे पत्र डिसेंबरात टाकावे आणि ते मुलाच्या हाती वसंत ऋतूत पडावे, असा याचा व्यवहारातला अर्थ होता.

१८९३ चा करार

हे चित्र बदलावे म्हणून नॉर्वेच्या सरकारने पुढाकार घेतला. ट्रॉनहाइम ते हामरफेस्ट अशी वर्षभर चालणारी, रात्रीही न थांबणारी जलद टपालबोट असावी, अशी योजना पुढे आली. त्या काळच्या दोन मोठ्या जहाज कंपन्यांना विचारणा झाली. हिवाळ्याच्या काळोखात या पाण्यातून वेळापत्रकाप्रमाणे जहाज नेणे अशक्य आहे, असे म्हणून दोघींनीही नकार दिला.

हे आव्हान स्वीकारले ते स्टोकमार्कनेस या उत्तरेकडील लहानशा गावातील एका कप्तानाने. रिचर्ड विथ हे त्याचे नाव. १८४६ साली जन्मलेल्या या माणसाने १८८१ मध्ये आपल्या गावकऱ्यांच्या भांडवलावर एक लहान आगबोट कंपनी काढली होती. त्याने व त्याचा वाटाड्या आंडर्स होल्टे याने कित्येक वर्षे एक कंटाळवाणे वाटेल असे काम नेटाने केले होते. कोणत्या ठिकाणाहून कोणत्या दिशेने, किती वेगाने, किती मिनिटे गेले म्हणजे पुढचे वळण येते, याच्या ते प्रत्येक फेरीत नोंदी ठेवीत. अशा नोंदी पुरेशा साठल्यावर डोळ्यांना काही दिसले नाही तरी होकायंत्र आणि घड्याळ यांच्या आधाराने जहाज नेता येईल, असा त्यांचा हिशेब होता. विथचे मोठेपण या वहीत आहे. साहसाच्या कथा आपल्याला आवडतात. येथे साहस आहेच. परंतु ते आधी आकडेमोड करून मग केलेले आहे.

मे १८९३ मध्ये सरकारशी करार झाला. उन्हाळ्यात ट्रॉनहाइम–हामरफेस्ट आणि हिवाळ्यात ट्रॉनहाइम–ट्रॉम्सो अशी आठवड्यातून एक फेरी ठरली. त्यासाठी सरकारने अनुदान द्यावयाचे होते. २ जुलै १८९३ रोजी ‘व्हेस्टेरालेन’ ही आगबोट ट्रॉनहाइमहून निघाली आणि ६७ तासांनी हामरफेस्टला पोहोचली. ही उन्हाळ्यातील फेरी होती. खरी परीक्षा पुढच्या हिवाळ्यात झाली आणि त्याही परीक्षेत बोट उतरली. १८९४ मध्ये आधी नकार देणाऱ्या दोन्ही कंपन्या या सेवेत सामील झाल्या. १८९८ पासून बोटी बर्गनहून सुटू लागल्या आणि पुढे मार्ग किर्कनेसपर्यंत लांबला. या सेवेला ‘हुर्टिगरूटेन’, म्हणजे ‘जलद मार्ग’, हे नाव मिळाले.

या करारात महत्त्वाचे काय आहे, याचा विचार करावा. उत्तर नॉर्वेतील लोकवस्ती विरळ होती. तेथील कोळी गरीब होते. टपालाच्या तिकिटांतून या फेऱ्यांचा खर्च निघणे शक्य नव्हते. तरीही शासनाने असे मानले की, एखादे गाव दूर आहे आणि तेथे अंधार आहे, एवढ्या कारणाने तेथील माणसाला पत्राची वाट पाहत महिनेच्या महिने बसविता येणार नाही. तेव्हा नॉर्वे पूर्ण स्वतंत्रही नव्हता. तो स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली होता आणि १९०५ साली वेगळा झाला. राष्ट्र म्हणून उभे राहण्याच्या त्या घडीला या लहान देशाने आपल्या दूरच्या टोकाशी नियमित दळणवळण जोडून घेतले, ही गोष्ट अभ्यासकाने नजरेआड करू नये.

सूर्याची उतरती उंची

आता नकाशा पुढे घेऊन नाताळची एक फेरी कल्पनेने करून पाहू. जहाज २० डिसेंबरच्या रात्री बर्गनहून निघाले असे धरू. प्रवाशाच्या नजरेने पाहता या फेरीतील सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे रोज खाली खाली जाणारा सूर्य. हिचे गणित शाळकरी मुलालाही करता येईल इतके सोपे आहे. २१–२२ डिसेंबरच्या सुमारास, अयनदिनी, माध्यान्हीच्या सूर्याची उंची काढावयाची तर ९० अंशांतून त्या ठिकाणचा अक्षांश वजा करावा आणि आणखी साडेतेवीस अंश वजा करावेत. मुंबईला हे उत्तर सुमारे साडेसत्तेचाळीस अंश येते. म्हणजे आपला हिवाळ्यातील सूर्यही अर्ध्या आकाशापर्यंत चढतो.

बर्गनला तो जेमतेम सहा अंश चढतो. २१ तारखेला जहाज ओलेसुंडला लागते, तेथे चार अंश. (हे गाव २३ जानेवारी १९०४ च्या आगीत बेचिराख झाले आणि थोड्याच वर्षांत दगडाविटांचे नवे, मनोरे-कमानींचे गाव उभे राहिले.) २२ तारखेला ट्रॉनहाइम. येथे सूर्य तीन अंश. हात लांब करून क्षितिजावर दोन बोटे आडवी धरली, तर त्यांच्याआड तो झाकला जाईल. २३ तारखेच्या सकाळी जहाज आर्क्टिक वृत्त ओलांडते. ती रेषा कोठे आहे हे दाखविण्यासाठी एका खडकाळ बेटावर पृथ्वीगोलाची लोखंडी प्रतिकृती उभारलेली आहे. दुपारी बोडो येते. गणिताने येथे सूर्य क्षितिजाच्या किंचित खाली असतो. हवेतून येताना किरण वाकतात, म्हणून त्याची वरची कड कशीबशी दिसू शकली असती. पण दक्षिणेकडील डोंगर तेवढेही दिसू देत नाहीत. त्या रात्री जहाज व्हेस्टफिओर्डचे उघडे पाणी ओलांडून लोफोटेन बेटांना लागते. जानेवारी ते एप्रिल येथे कॉड माशांचा मोठा हंगाम असतो. लाकडी मांडवांवर उघड्या थंडीवाऱ्यात वाळविलेला हा मासा शतकानुशतके युरोपच्या बाजारांत जात आला आहे. उत्तरेकडील किनाऱ्यावर वस्ती टिकली ती या सुक्या मासळीच्या जिवावर.

२४ तारखेला दुपारी ट्रॉम्सो. येथे माध्यान्हीला सूर्य क्षितिजाखाली तीन अंश असतो. ट्रॉनहाइमला तीन अंश वर आणि ट्रॉम्सोला तीन अंश खाली. या दोन शहरांमधील दोन दिवसांत प्रवासी सूर्याच्या राज्याबाहेर गेलेला असतो. सुमारे २७ नोव्हेंबरपासून १५ जानेवारीपर्यंत ट्रॉम्सोत सूर्योदय होत नाही. तेथील लोक या दिवसांना ‘काळोखाचा काळ’ असेच म्हणतात. पण तीन अंश खालचा सूर्य दूर गेलेला नसतो. आपल्याकडे सूर्य मावळल्यावर पाव तासाने जसा उजेड राहतो, तसा उजेड तेथे ऐन दुपारी काही वेळ असतो. दक्षिणेकडे गुलाबी, वर निळा आणि खाली बर्फावर त्या दोन्हींची झाक. २१ जानेवारीच्या सुमारास डोंगरांवरून सूर्य पुन्हा शहराला दिसतो. त्या दिवशी मुलांना शाळेत आनंद साजरा करावयास मिळतो आणि ‘सूर्याचे पाव’ म्हणून गोड पाव खाल्ले जातात.

या साऱ्या काळोखावर एक देणगी निसर्गाने दिली आहे. ध्रुवीय प्रकाश ज्या कड्याच्या आकाराच्या पट्ट्यात नेहमी उमटतो, तो पट्टा उत्तर नॉर्वेच्या माथ्यावरून जातो. सूर्याकडून येणारे विद्युत्भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात आणि हवेच्या विरळ थरांतील अणूंवर आदळतात. ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर, त्याहून वर कधी तांबडा, आणि खालच्या कडेला नायट्रोजनचा जांभळट. हे कोडे उलगडण्यात क्रिस्टियान बर्कलंड या नॉर्वेच्याच शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. त्याने निर्वात पेटीत चुंबकभारित लहान गोल टांगून त्यावर विद्युत्कणांचा झोत सोडला आणि प्रयोगशाळेत कृत्रिम ध्रुवीय प्रकाश निर्माण करून दाखविला. त्याच्या हयातीत पुष्कळांनी त्याचे म्हणणे मानले नाही. १९१७ साली तो वारला आणि कृत्रिम उपग्रहांचे युग आल्यावर त्याच्या मुख्य कल्पनेला पुष्टी मिळाली. त्या भागातील मूळ रहिवासी सामी लोक मात्र या प्रकाशाला दबकून असत. त्याच्याकडे पाहून शीळ घालू नये, असे मुलांना बजावले जाई.

घंटा आणि बदाम

नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. नॉर्वेत या सणाला ‘यूल’ म्हणतात आणि तो शब्द ख्रिस्ती धर्माहून जुना आहे. ऐन हिवाळ्यात मद्य आणि मेजवानी यांनी साजरा होणारा हा पूर्वीचा उत्सव होता. दहाव्या शतकातील हाकोन राजाने तो ख्रिस्तजन्माच्या तिथीशी जुळवून घेतला, असे जुन्या राजकथांत नमूद आहे. काळोखाच्या तळाशी पोहोचल्यावर माणसांनी एकत्र बसावे, ही गरज दोन्ही धर्मांना सारखीच वाटली असली पाहिजे.

तेथील मुख्य सण २५ तारखेला नसून २४ च्या संध्याकाळी असतो. पाच वाजता देशभर चर्चच्या घंटा वाजतात आणि सण सुरू होतो. दुकाने त्याआधीच बंद झालेली असतात व रस्ते ओस पडतात. जेवणात प्रदेशपरत्वे फरक आहेत. पूर्वेकडे डुकराच्या बरगड्या भाजतात. पश्चिम किनाऱ्यावर खारवून वाळविलेल्या मेंढीच्या बरगड्या बर्च झाडाच्या काटक्यांवर वाफवतात. उत्तरेकडे ताजा कॉड असतो, किंवा सुका कॉड क्षाराच्या पाण्यात भिजवून मऊ केलेला. तांदळाच्या खिरीसारख्या एका पदार्थात एकच बदाम टाकतात. तो ज्याच्या वाटीत निघेल त्याला साखरबदामाचे डुक्कर बक्षीस! डिसेंबरभर खिडक्याखिडक्यांत कागदी चांदण्या आणि दिवे लावलेले असतात. दिवाळीत आकाशकंदील टांगणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यामागची भावना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

वर धरलेल्या फेरीत पाच वाजताच्या या घंटा वाजतात, तेव्हा जहाज ट्रॉम्सोच्या धक्क्याला असते. बेटावर १८६१ सालचे लाकडी कॅथीड्रल आणि पुलापलीकडे १९६५ साली बांधलेले, बर्फाच्या सुळक्यांसारखे दिसणारे दुसरे चर्च. घंटा संपल्यावर तासा-दीड तासात जहाज पुन्हा सुटते. खलाशी, स्वयंपाकी, यंत्रशाळेतील कामगार, धक्क्यावर दोर घेणारा माणूस या कोणाच्याही घरी त्या रात्री खीर शिजत असेल. पण पुढच्या बंदराची वेळ ठरलेली आहे. रस्ते ओस पडले तरी हा एक रस्ता चालू राहतो.

जळालेला किनारा

२५ तारखेला पहाटे हामरफेस्ट आणि दुपारपूर्वी होनिंग्सवोग लागते. जवळच नॉर्थ केप हा युरोपच्या उत्तर टोकाचा प्रसिद्ध कडा आहे. ही गावे पाहताना प्रवाशाच्या लक्षात येईल की, येथे जुने घर म्हणून दिसत नाही. त्याचा इतिहास जाणून घेतला नाही, तर हा प्रवास अर्धाच समजला असे म्हणावे लागेल.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. टपालबोटी चालूच राहिल्या; कारण किनाऱ्यावरील लोकांना दुसरा आधार नव्हता. पण त्याच पाण्यातून जर्मन सैन्याची रसदही जाई. त्यामुळे दोस्तांच्या पाणबुड्या आणि विमाने या मार्गावर टपून असत. १३ सप्टेंबर १९४१ रोजी ‘रिचर्ड विथ’ हे संस्थापकाच्या नावाचे जहाज ब्रिटिश पाणबुडीने बुडविले. त्याच वर्षी ऑक्टोबरात १८९३ ची ती पहिली बोट, ‘व्हेस्टेरालेन’, सोव्हिएत पाणबुडीच्या पाणतीराने तळाला गेली. मेलेल्यांत बरेचसे साधे प्रवासी होते आणि मारणारे त्यांच्या शत्रूचे शत्रू होते.

१९४४ च्या शरद ऋतूत सोव्हिएत सैन्य पुढे येऊ लागले. तेव्हा माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क प्रांत आणि त्यालगतचा भाग जाळून टाकला. घरे, शाळा, धक्के, दीपगृहे, काही शिल्लक ठेवले नाही. सुमारे ५०,००० लोकांना सक्तीने दक्षिणेकडे नेले. कित्येक हजार लोक जाण्याचे नाकारून गुहांत, मातीच्या झोपड्यांत, उपड्या होड्यांखाली लपून राहिले. हामरफेस्टमध्ये दफनभूमीतील एक लहान प्रार्थनागृह तेवढे उरले. होनिंग्सवोगमध्ये चर्च उरले आणि परतलेल्या लोकांनी आधी त्यातच संसार थाटले. किर्कनेसजवळच्या खाणीच्या बोगद्यात हजारो माणसांनी आसरा घेतला होता. तेथे त्या काळात दहा मुले जन्मली. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी किर्कनेस मुक्त झाले. पण त्या वर्षीचा नाताळ या किनाऱ्यावरील अनेकांनी छपराविना काढला. युद्धानंतर लोक परत आले आणि गावे पुन्हा बांधली. सामान आणणारी, माणसे आणणारी वाट तीच होती.

२६ तारखेला सकाळी जहाज किर्कनेसला पोहोचते. हे गाव इस्तंबूलच्याही पूर्वेला आहे, हे नकाशा उघडून पाहिल्याशिवाय पटत नाही. सुमारे साडेतीन तासांत माल उतरवून जहाज माघारी वळते आणि दुपारी वार्डोला येते. सतराव्या शतकात या प्रांतात जादूटोण्याच्या आरोपाखाली ९१ जणांना ठार करण्यात आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. २०११ साली वार्डोच्या समुद्रकाठी त्यांचे स्मारक उघडण्यात आले. वास्तुरचनाकार पीटर झुमथोर यांनी लांबट, अंधाऱ्या दालनाला ९१ लहान खिडक्या ठेवल्या आहेत. प्रत्येक खिडकीत एक दिवा आणि त्या व्यक्तीवरील खटल्याची हकीकत. या किनाऱ्यावर घरोघर खिडकीत दिवा ठेवतात, तो आत माणूस आहे हे बाहेरच्याला कळावे म्हणून. त्या ९१ जणांसाठी साडेतीनशे वर्षांनी का होईना, तो ठेवला गेला.

जहाज कोणाचे?

आज या सेवेचे स्वरूप पुष्कळ बदलले आहे. टपाल विमानांनी आणि मोटारींनी जाते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून उत्तरेकडील लहान गावांतही छोटे विमानतळ झाले. पूल झाले, बोगदे झाले. जहाजे मोठी झाली आणि त्यांवर काचेची दालने, उपाहारगृहे आली. २०११ च्या जूनमध्ये नॉर्वेच्या दूरचित्रवाणीने बर्गन–किर्कनेस प्रवास सलग १३४ तास जसाच्या तसा दाखविला. तेव्हा लक्षावधी लोकांनी तो पाहिला आणि जहाज आपल्या गावावरून जाताना माणसे किनाऱ्यावर उभी राहून हात हलवीत होती. त्यांतील फारच थोड्यांना आता या जहाजाने कोठे जावयाचे होते. पण आपले काहीतरी चालले आहे, या भावनेने ती आली होती.

खर्चाचा मुख्य भार आता पर्यटक उचलतात. तरीही सरकारी करार अजून आहे. २०२१ पासून दोन कंपन्या मिळून ११ जहाजांनी ही सेवा चालवितात. ठरलेली बंदरे घ्यावयाची, स्थानिक प्रवासी आणि माल न्यावयाचा, वर्षाचे सर्व दिवस चालावयाचे, आणि त्याबद्दल सरकारकडून मोबदला घ्यावयाचा, असा तो करार आहे. नव्या चार जहाजांवर नैसर्गिक वायू आणि मोठ्या विद्युत्घटांची योजना आहे. एवढ्या पर्यटकांसाठी चालणाऱ्या जहाजांना सार्वजनिक पैसा का द्यावा, असा प्रश्न तेथे विचारला जातो आणि तो गैरवाजवी नाही. पण वादळाने रस्ता आणि विमानतळ दोन्ही बंद पडतात, अशा दिवशी बेर्लेवोगसारख्या गावाला या प्रश्नाचे उत्तर धक्क्यावर मिळते.

येथे कोकणच्या बोटींची आठवण होणे साहजिक आहे. डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीतील पट्टी, खाड्यांनी तुटलेले रस्ते, मुंबईवर विसंबलेली गावे, हे सारे आपल्या ओळखीचे आहे. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीला जाई. अनेक ठिकाणी धक्का नसे. भर पाण्यात बोट थांबे आणि पडावातून माणसे चढत-उतरत. नॉर्वेच्या लहान गावांतही पूर्वी नेमके असेच होते. फरक ऋतूचा होता. पावसाळ्यात आपली कोकण बोट बंद राही आणि त्याला सबळ कारण होते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ती अशाच पावसाळी समुद्रात. आपला समुद्र सोपा होता असे कोणी म्हणू नये. पुढे रस्ते झाले, एस. टी. आली आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण होण्यापूर्वीच या बोटी इतिहासजमा झाल्या. २०१८ साली मुंबई–गोवा असे एक जहाज पुन्हा सुरू झाले, ते केवळ पर्यटकांसाठी. वाटेतल्या गावांशी त्याचा संबंध नव्हता आणि तेही फार काळ चालले नाही.

दोन देशांची लोकसंख्या, संपत्ती आणि हवामान यांत इतके अंतर आहे की, एकाचे धडे दुसऱ्याला सरसकट लागू करणे चुकीचे ठरेल. अवघ्या ५५ लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या आणि आता तेलसंपन्न झालेल्या देशाला जे परवडते, ते सर्वांना परवडत नाही. मात्र १८९३ साली नॉर्वे तेलसंपन्न नव्हता. हजारो माणसे पोटासाठी अमेरिकेला जात होती, असा तो काळ होता. त्या गरीब देशाने आधी टपाल नेण्याचे ठरविले आणि पर्यटक पुढे त्या वाटेने आले. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आजचा प्रवासी डेकवर उभा राहून हिरवा प्रकाश पाहतो. त्याच वेळी खालच्या दारातून बंदरावर पेट्या उतरत असतात. पाहणारा आणि पेटीची वाट पाहणारा एकाच जहाजावर अवलंबून आहेत, आणि तोपर्यंत तरी ते जहाज दोघांचेही आहे.

आपण कल्पिलेले जहाज ३१ डिसेंबरला दुपारी बर्गनला परत येते. तेथे सूर्य पुन्हा सहा अंशांवर असतो. त्या घटकेला उरलेली दहा जहाजे किनाऱ्यावर कोठे ना कोठे चाललेली असतात आणि त्यांतील काही पूर्ण काळोखात असतात. त्यांपैकी एखाद्याची वाट पाहत कोणीतरी धक्क्यावर उभे असेल. जहाज किती वाजता येणार, हे त्याला ठाऊक असते.